काकूच्या नावावरचं उत्तर

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत एकच फोन आहे, तळमजल्यावरच्या शहाबेनकडे. मी कॉलेजातून आले तेव्हा त्यांनीच मला जिन्यात अडवलं. "तुझी काकू गेली. हार्ट." मी तिसऱ्या मजल्यावर पोहोचले तेव्हा 'हार्ट' माझ्याआधी प्रत्येक दारात पोहोचलं होतं. ते खोटं आहे. खरं काय ते मी इथे लिहिणार नाही, पण हार्टही लिहिणार नाही.

तेराव्याला शेजारणी जेवायला होत्या. "लक्ष्मी हो, लक्ष्मी! कधी वर मान करून बोलली नाही," असं म्हणत एकीनं दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेतलं. गेल्या वर्षी हीच बाई म्हणत होती, "नोकरीवाला नवरा, सासूचा जाच नाही, मग रडायला काय झालं? एक पोर झालं की येईल ठिकाणावर." मी वाढत होते, काही बोलले नाही. मी कधीच बोलत नाही... त्याबद्दलच हे लिहिते आहे.

काकू मालवणजवळच्या खेड्यातून लग्न होऊन आमच्या घरात आली. सुरुवातीला भाकरी थापताना मला विचारायची, "ह्येका इंग्लिशीत काय म्हनतत गो?" आणि माझं उत्तर ऐकून हसून हसून लोळायची. मग हसणं थांबलं. स्टोव्ह पेटवून ती समोर बसून राहायची, वर भांडं नसायचं. आमच्या डॉक्टरांनी लाल टॉनिक दिलं. काका म्हणाले, "नाटकं पुरे, नाहीतर ठाण्याला नेऊन टाकीन." वेड्यांचं इस्पितळ ठाण्याला आहे, हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं.

एका दुपारी तीच माझ्याजवळ आली. "मी पिशी नाय गो. पण आत काय तरी बिघाडलाहा. तुका इंग्लिश येता, माका मनाचो डाक्तर शोधून दी."

माझ्या शाळेतल्या मिसनी वाकोल्यातला पत्ता दिला. घरी मैत्रिणीच्या साखरपुड्याचं निमित्त सांगून आम्ही गेलो. दारावरची पाटी फक्त इंग्रजीत होती, त्यामुळे खालच्या वाण्यालासुद्धा वर कसला डॉक्टर बसतो ते माहीत नव्हतं. डॉक्टर मद्रासकडचे, त्यांचं हिंदी माझ्याहून वाईट आणि काकूचं भाजी घेण्यापुरतं. मधे मी. ते विचारत, मी मराठीत सांगे, ती बोले. कितीतरी महिन्यांनी ती इतकं बोलत होती. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, हिच्या मनात कधी जीव द्यायचं येतं का?

इंग्रजीत तो साधा प्रश्न होता. मराठीत तो मला काकूच्या तोंडावर विचारावा लागणार होता. मी विचारलं, "काकू, चहा जास्त घेतेस का गं?"

"नाय," ती म्हणाली, आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांना मी "नो" सांगितलं.

त्यांनी गोळ्या दिल्या, पुढच्या वेळी नवऱ्याला आणा म्हणाले. तो निरोप मी घरी दिला. काकांनी गोळ्यांची पुडी मोरीत टाकली. "इंग्रजी शाळेत घातलं ते ह्यासाठी?" वडील पेपर वाचत राहिले. काकूनं पुन्हा माझ्याजवळ काही मागितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तिला घरातल्यांनी मारलं असं म्हणायला मला आवडेल. पण घरात मीही होते.

गेल्या आठवड्यात मी एकटी वाकोल्याला गेले. डॉक्टरांना आम्ही आठवत नव्हतो. त्यांनी खण उघडून कार्ड काढलं. एका ओळीत लिहिलं होतं की मरणाचे विचार येत नाहीत, असं रुग्ण सांगते. मी म्हटलं, हे तिनं सांगितलेलं नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं. हे खोडा.

"आता काय उपयोग?" ते म्हणाले.

"काही नाही. तरी खोडा."

त्यांनी खोडलं नाही. कार्ड खणात परत गेलं. आमच्या घरातून काकूच्या साड्यासुद्धा वाटून झाल्या. ती आता फक्त त्या खणात आहे. वय अठ्ठावीस, विवाहित, मरणाचे विचार नाहीत.