खालच्या पट्टीतली आरती

गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा आवाज बसला तो बसलाच. काळी चारच्या ज्या उंच पट्टीत मी उभी हयात गायले, तिथवर तो पोचेना. एकेकाळी माझ्या वरच्या सुरासाठी लोक तिकिटांना रांगा लावत. आता स्वयंपाकघरातून मारलेली हाकही यजमानांना ऐकू जाईना. तशी ती त्यांना आधीही क्वचितच जात असे.

बरीच वर्षं अशी गेल्यावर इथल्या रसिकांनी माझ्या भक्तिगीतांचा कार्यक्रम ठरवला आणि मी हुरळून हो म्हणून बसले. क्रांती चौकात माझा फोटो लागला तेव्हा मी तिकडून जाणंच टाळू लागले. रियाजाला बसले की वरच्या षड्जावर आवाज फाटायचा. मी देवीशी अबोलाच धरला. कार्यक्रम रद्द करा, असं माझ्या साथीच्या पेटीवाल्या काकांना सांगायचं ठरवलं. त्याच मंगळवारी शेजारणीनं मला मुकुंदवाडीतल्या देवीच्या देवळात ओढून नेलं.

तिथं आरती उचलण्याचा, म्हणजे पहिला सूर लावण्याचा, मान मेंढरं राखणाऱ्या घरातल्या एका बाईंचा. त्या दिवशी सर्दीनं त्यांचा घसा धरला होता. त्यांनी आरती इतकी खाली उचलली की बायका एकमेकींकडे बघून हसू लागल्या. ती सरळसरळ पुरुषांची पट्टी होती. पण उचललेली आरती मध्ये सोडायची नाही, असा तिथला नेम. बाईंना खोकल्याची उबळ आली, सूर तुटू लागला, आणि काही कळायच्या आत मी तो धरला. आवाज फाटला नाही. भरदार, शांत असा तो गाभाऱ्यापर्यंत गेला. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. नंतर मी बाईंना सांगितलं की माझा आवाज आता वर जात नाही. हातावर प्रसाद ठेवत त्या म्हणाल्या, "वर कशाला जायचं बाई? देवी तर इथं खालीच बसलीय. लई गोड म्हणलं तुमी."

घरी येऊन काकांना फोन केला आणि काळी एकमध्ये गाणार म्हणून सांगितलं. त्यांना ते पटेना.

"ताई, ती पुरुषांची पट्टी. लोक नावं ठेवतील."

"ठेवू द्या," मी म्हटलं.

कार्यक्रमात पहिलं गाणं सुरू केलं तशी पुढच्या रांगेत कुजबुज झाली. मी डोळे मिटले, देवीला म्हटलं, आता तूच बघ. पालुपदावर आले आणि मागून कुणी पुरुष गाऊ लागले. मग बायका, मग सगळं सभागृह. माझी गाणी या शहराला पाठ होती, पण माझ्या उंच पट्टीला कुणाचा गळा पोचत नसे, म्हणून सगळे गप्प बसून ऐकत. काकांचे डोळे भरून आले होते, तरी पेटी थांबली नाही. शेवटी लोक उभे राहिले ते बसेचनात, आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं.

बाईंची सर्दी हा योगायोग होता असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मी गेलेला सूर परत मागत होते. देवीनं दुसराच दिला आणि माझा हट्ट तेवढा काढून घेतला. तिचे उपकार मोठे. आयुष्यभर लोकांनी माझं गाणं ऐकलं, त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा माझ्याबरोबर गायले.