मामांच्या पायाची खिडकी

पारोळ्याला जाऊन तिथला किल्ला न पाहता परत आलेली माणसं मला माहीत आहेत. पण माझ्या बायकोच्या मामांकडे जाऊन त्यांच्या पायाची जखम न पाहता परत आलेला माणूस मला अजून भेटायचाय. शेतात बाभळीचा काटा उजव्या पायाच्या अंगठ्याखाली मोडला, त्यात अंगात साखर. काटा निघाला, पण जखम काही हटेना. दुसऱ्या कोणी हाय खाल्ली असती. मामांनी मात्र त्या जखमेचा संसारच मांडला. पाहुण्याला तळपाय दाखवू नये म्हणतात. इथे पाहुणा ओट्यावर टेकतो न टेकतो तोच तळपाय त्याच्या पुढ्यात यायचा, पट्टी सुटायची आणि मामा म्हणायचे, "देखा." चहा त्यानंतर. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या एका गृहस्थांना तर बिचाऱ्यांना ती हातातच धरून आधी जखमेचं दर्शन घ्यावं लागलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं कोणाला चुकत नाही, आणि भेटायला आलेल्याला आजार नीट दाखवणं हा मामांच्या मते यजमानाचा धर्म. मी एकदा म्हटलं, मामा, झाकून ठेवा की. तर म्हणाले, "जखम शे, चोरी नही शे. कसाले झाकी ठेवू?"

बरं, उपचार म्हणाल तर एकच, वाळवणं. कपाशी, मिरची, ज्वारी, सगळा जन्म वाळवण्यात गेला. ओलं राहिलं ते सडलं, यापलीकडे शास्त्र त्यांनी मानलं नाही. शेजारच्या अक्कांनी गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, आमच्याकडचे पापडच ते, वाळत घातल्या की हे त्याच रांगेत पाय पसरून बसायचे. अक्काही काही कमी नाहीत. "आबा, आठे बशेलच शेतस तं कावळा तरी हाकला," म्हणायच्या. मामा पाय न हलवता कावळे हाकायचे.

शेवटी मी त्यांना जवळजवळ उचलूनच धुळ्याला, आमच्या घराजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि शांतपणे सांगितलं, "आबा, ही भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. पुढचं मी आज बोलत नाही." मामांनी आयुष्यात पहिल्यांदा पाय मागे घेतला. मग डॉक्टरांनी जखम साफ करून तिच्यावर एक चकती बसवली. हायड्रोजेल म्हणतात तिला. पाण्याने भरलेली, थंडगार, आरपार दिसणारी, खरवसाच्या वडीसारखी लिबलिबीत. वरून पट्टी. म्हणाले, "जखम ओलसर राहिली की नवी कातडी सरकत येते, वाळली की अडकते. साखर सांभाळा, पायावर भार देऊ नका, आणि पट्टी फक्त मी उघडणार."

"ओली ठेवाची?" मामांनी असं विचारलं, की जणू कोणी त्यांना मिरच्या भिजवून पोत्यात भरायला सांगितलंय.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पट्टी सोडली तर चकती सुकलेली, तिला अंगणातली धूळ, आणि जखम होती तिथेच. "कोणी उघडली?" मामा खाली मान घालून म्हणाले, "पाहुणा उना व्हता."

डॉक्टर भडकले, आणि बरोबरच होतं त्यांचं. मलाही राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. पण मामांना मी ओळखतो. अंगठा जाईल, पण पाहुणा विन्मुख जायचा नाही. म्हणून मी भीत भीत विचारलं, "डॉक्टर, ही चकती आरपार दिसते ना? मग वर कापडी पट्टीऐवजी आरपार दिसेल असंच काही नाही का लावता येणार?" हा वेडेपणा घराण्यातच आहे की काय, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण लावली. नव्या चकतीवर पातळ पारदर्शक पट्टी, चारी कडा चिकटवलेल्या. मामांच्या पायाला खिडकी आली.

मग काय विचारता. मामा खाटेवर, पाय उशीवर आणि ओटा भरलेला. "हात लावानं नही, काचमधून देखा." एकदा बघून गेलेले पुन्हा यायला लागले, किती भरली ते बघायला. गुलाबी कड हरभऱ्याच्या डाळीएवढी पुढे आली की तुरीच्या, यावर वाद व्हायचे. अक्का तर बिबड्या सोडून खिडकीशी.

आणि एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "झालं. आता काही लावायचं नाही." मी पेढे घेतले. पण परतीच्या एसटीत मामांनी पेढा नुसताच हातात धरला. म्हणाले, "पाय देखाले बठ्ठा येतस, जवाईबापू. माले देखाले आते कोन येई?" मामी गेल्यापासून ते घर एकट्याचं आहे, हे मला माहीत होतं. पण त्या पायाकडे बघण्याच्या नादात आम्ही कोणी मामांकडे बघितलंच नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. "डावा पायले काहीतरी व्हई राह्यनं. येई जा." मी धावतपळत गेलो. दारातच भाजलेल्या वांग्यांचा वास. मामांनी पाय पुढे केला. तळवा स्वच्छ, खरचटलेलं देखील नाही. नजर चुकवत म्हणाले, "येईच ग्यात तं भरीत खाई ल्या."

मी चष्मा लावला, पाय मांडीवर घेतला आणि सावकाश, बोट न् बोट तपासलं. म्हटलं, "मामा, आज काही दिसत नाही. पण भरवसा नको. पुढच्या रविवारी येऊन पुन्हा बघावं लागेल."

"हां," मामा म्हणाले, "ध्यान तं ठेवनंच पडी." आणि जेवताना त्यांनी माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं.