जिजाबाईंची चार हातांची आई

आमचे बाबा, रुपराव टाकवाले. देव्हाऱ्यात पुजायचे टाक, म्हणजे देवाची मूर्ती उठवलेले सोन्याचांदीचे पत्रे, ते इतवारीतल्या दुकानात घडवायचे. मूर्तीच्या हातातली वस्तू पाहून देव ओळखतो, असा त्यांचा तोरा. घरात स्वतःचा चष्मा सापडायचा नाही, ते सोडा!

एकाहत्तर सालच्या नवरात्राआधी खापा गावच्या म्हाताऱ्या जिजाबाई आल्या. त्यांनी सोन्याचा एक झिजलेला, गोल टाक बाबांपुढे ठेवला. म्हणाल्या, "घट बसायच्या आत नवा करून दे गा, रुपराव. चार हाताची आई आहे आमची. नवी आली का जुनी कन्हानीत शिरवाची." शिरवायची, म्हणजे नदीत विसर्जन करायची.

बाबा दोन दिवस भिंग लावून बसले. खालच्या एका हातात हार, दुसऱ्यात झावळी, पायाखाली चेंडू. वरच्या दोन हातांत मात्र काहीच नाही. मागच्या बाजूला एक नाकाड्या माणूस. जिजाबाईंच्या घरी त्याला मूळपुरुष समजून गंध लावत.

"चारू, वरच्या हाताले बोटंच नाहीत वं," बाबा म्हणाले.

मी पाहिलं. "ते पंख आहेत, बाबा."

"देवीले पंख काहून राहतीन?" असे उखडले! पण दुसऱ्याच दिवशी मला घेऊन अजबबंगल्यात, म्हणजे वस्तुसंग्रहालयात, हजर.

तिथल्या जुन्या नाण्यांच्या जाणकार अरुंधतीबाईंनी सांगितलं, हे रोमचं नाणं, दोनेक हजार वर्षांपूर्वीचं. नाकाड्या तो त्यांचा बादशहा. ही विजयाची देवी. उडत येते आणि जिंकणाऱ्याला हार घालते. पायाखाली चेंडू नाही, पृथ्वी आहे. बाबांचे प्रश्न संपेनात. वाहन कोणतं? नैवेद्य काय? आता कोण पुजते तिले?

"आता कोणीच नाही," बाई म्हणाल्या.

परतताना मी बाबांना विनवलं, म्हातारीला सांगू नका. जन्मभर जिच्यापुढे दिवा लावला ती परकी निघाली, हे तिला सोसायचं नाही.

"देवाच्या कामात खोटं बोलू? हात झडतीन माहे."

मग जिजाबाई आल्या. बाबांनी पंखांसकट सगळं सांगितलं. जिजाबाई नाण्यावर नुसता अंगठा फिरवत राहिल्या. मला बाबांचा भयंकर राग आला.

"तिकडं तिले कोनीच पुजत नाही काय गा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी."

"एकही घर नाही?"

"नाही."

जिजाबाईंनी नाणं मुठीत घट्ट धरलं.

"मंग मी कशी शिरवू तिले? तिले तं आता मी एकटीच राहिली."