नाक्यावरच्या खाटा

"झोप काही सरहद्द बघून येत नाही, माणूस दमला की येते," वहिनी एकदा म्हणाली होती. धाकट्या दिराने ते हसण्यावारी नेलं. तेव्हा हसणं परवडत होतं, कारण नाका जोरात चालला होता.

दोन देशांमधल्या त्या रस्त्यावर प्रत्येक ट्रक आधी या बाजूच्या कचेरीत तपासला जाई, मग तोच माल, तेच कागद, पुन्हा त्या बाजूच्या. दोन्हीकडच्या घड्याळांत तासाचा फरक. तिकडचे साहेब जेवून हात धुतात न धुतात तोच इकडचे ताटावर बसत. तेवढा वेळ फाटक बंद, आणि रस्ता जेवलेल्या अजगरासारखा सुस्त पडलेला. त्या सुस्तीवर सगळं गाव जगत होतं. दीर कागद करून द्यायचा, गोदामशेठ अडकलेला माल ठेवून घ्यायचा, आणि वहिनी ड्रायव्हरांना खाटा भाड्याने द्यायची.

नवरा गेला तेव्हा तिच्या हाती आली ती पत्र्याची एक रिकामी शेड. बंद पडलेल्या दवाखान्याच्या लोखंडी खाटा तिने भंगाराच्या भावात उचलल्या, स्वतः घासल्या, स्वतः रंगवल्या. खाटा मांडण्याची तिची रीत निराळी होती. फळं-भाजीवाले ड्रायव्हर दाराशी, सिमेंट-सळईवाले आत भिंतीकडे. फाटक उघडलं की ती चमच्याने दाराजवळच्या खाटांचे पाय वाजवत जायची. आतून कोणी कुरकुरलंच तर म्हणायची, "तू झोप रे, तुझं काही सडत नाही." दोन्ही देशांचे ड्रायव्हर तिला मावशी म्हणत आणि निमूट उठत.

मग दोन्ही सरकारांचं ठरलं: एकाच छपराखाली दोघांचे साहेब, एकदाच तपासणी, आणि गाडी सरळ पुढे. गावाचा धंदाच बसणार होता. व्यापारी मंडळाचा अध्यक्ष गोदामशेठ. त्याने फर्मान काढलं की दोन्ही सरकारांची समिती हरकती ऐकायला येईल तेव्हा विरोध असा व्हायला हवा की ती आल्या पावली परत जावी. आणि दिराला बाजूला घेऊन तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला उभी कर."

दीर गेला तेव्हा वहिनी गाद्या उन्हात झटकत होती.

"मी कशाला, भाऊजी? बोलणारे तुम्ही."

"आमची तोंडं बघून कोण पाघळणार? तुमचं वेगळं. एकटी बाई, दोन्हीकडच्या ड्रायव्हर पोरांना सांभाळते..."

"म्हणजे मी रडायचं."

"रडू नका हो. फक्त सांगा, फाटक कायमचं उघडलं तर मी रस्त्यावर येईन."

"मी रस्त्यावरच तर आहे. दार उघडलं की रस्ता." ती हसली. मग गादी खाली ठेवून म्हणाली, "येईन. तुमच्या भावाचं छप्पर आहे हे. असं सुखासुखी जाऊ देणार नाही."

दिराला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आत तिठ्यावर, जिथे नाक्याचा रस्ता हमरस्त्याला मिळतो तिथे, गोदामशेठचं नवं गोदाम उठत होतं, हे त्याला ठाऊक होतं. फाटक उघडलं की गाड्या थांबणार त्या तिथेच. शेठला फाटक कायमचं बंद नको होतं. गोदाम होईपर्यंत ते रखडायला हवं होतं, एवढंच. मग तोच हार घेऊन फाटक उघडायला उभा राहणार. त्या गोदामात दिराला एक खोली कबूल झाली होती. वहिनीचं पुढे बघू, असं तो स्वतःला रोज सांगायचा, आणि रोज ते पुढे ढकलायचा.

सुनावणीला दोन्ही देशांचे साहेब एका टेबलामागे बसले. हॉल भरला. वहिनी इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत, तिच्या शेजारी दीर. सुनावणीसाठी नाका बंद होता म्हणून ड्रायव्हरही आले होते. त्यांत एक सिमेंटवाला, झोपेत अख्खी शेड हलवणारा, म्हणून त्याचं नाव भोंगा. जागेपणीही त्याचा आवाज तोच.

"शेठ, तिठ्यावर काल माल टाकला बरं का!" तो मागच्या रांगेतून ओरडला. "गवंडी म्हणतो, आता फक्त छत राहिलं. ते झालं की इथलं सगळं तिकडे हलवणार. चांगलंय, आमचा फेरा वाचेल!"

गोदामशेठने ऐकू न आल्यासारखं पंख्याकडे पाहिलं. वहिनीने दिराकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमचंही बघणारच होतो, वहिनी."

"कधी?"

भावाच्या मागे जिच्या हातचं खाल्लं तिच्या नजरेला नजर देणं त्याला जमेना. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचार करत होती, खाट कुठे मांडावी याचा करते तसा.

मग ती मागे वळली. "काय रे भोंग्या, तिठ्यावर ड्रायव्हर झोपतात कुठे?"

"कुठे म्हणजे? गाडीखाली, मावशी. नाहीतर स्टिअरिंगवर डोकं ठेवून."

"आणि शेजारी जागा?"

"ओसाडच आहे सगळी. मालक गिऱ्हाईक शोधतोय."

टेबलामागून समितीच्या अध्यक्षांनी पुकारलं, "खाटांच्या शेडच्या मालकीणबाई. तुमची हरकत नोंदवायची आहे ना? बोला."

गोदामशेठने चेहरा दुःखी करून ठेवला. दीर कुजबुजला, "वहिनी, आपलं घर आहे हो. दोन शब्द."

ती उठली. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, टेबलामागच्या दोन्ही देशांच्या साहेबांकडे आळीपाळीने पाहिलं, पिशवी खांद्याला लावली, आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, हरकत न नोंदवताच, दाराबाहेर पडून तिठ्याच्या रस्त्याला लागली.