जॅकखालची काळी जमीन

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग बर्फाच्या मुलखात होती. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. नायक भानुदास आमच्या वर्कशॉपचा ड्रायव्हर. तो तलवाड्याकडचा धनगर, मी गेवराईजवळचा बौद्ध. तिथं बीड जिल्ह्याचे आम्ही दोघंच, म्हणून एका ताटात जेवायचो.

वर्कशॉपचा नियम कडक होता. जॅकखाली आधी लाकडी फळी, मग जॅक. फळी नसेल तर गाडीखाली माणूस जायचा नाही. बर्फ वरून दगडासारखा दिसतो, आतून पोकळ असतो. भानुदास हा नियम नव्या पोरांना शिव्या घालून शिकवायचा.

दोघं पेन्शनवर आलो तेव्हा गावाकडं दुष्काळ होता. आम्ही काही माजी सैनिकांनी मिळून वाहतुकीची सहकारी संस्था काढली. दोन टँकर आणि एक जुनी कार. टँकर पाण्याला. कार आजारी माणसांना आणि अडलेल्या बायांना गेवराईच्या दवाखान्यात न्यायला. बैल सगळे चारा छावणीत, म्हणून बैलगाड्याही बंद होत्या. कार बंद म्हणजे माणूस घरातच मेला, असा हिशेब होता.

एक दिवस भानुदास म्हणाला, "हवालदार, वळताना पुढून कटकट करती."

"सरळ जाताना?"

"गप."

मी शेजारी बसलो. नापेर पडलेल्या रानात त्यानं स्टेअरिंग पुरतं वळवून गोल फेऱ्या मारल्या. डावीकडं वळलं की उजव्या चाकातून कटकट. खाली उतरून हात घातला. एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा रबरी बूट फाटला होता. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं. ग्रीस गेलं, धूळ आत बसली, जॉइंट खाल्ला. एवढं सरळ होतं.

नवा जॉइंट औरंगाबादहून मागवला. तो आला त्या दिवशी सकाळीच काम धरलं. संस्थेच्या शेडमध्ये टँकर धुतलेलं पाणी मुरायचं म्हणून जमीन मऊ असंल, असं म्हणून भानुदासनं कार बाहेर रानाच्या कडेला घेतली. तिथं काळी माती वाळून सिमेंट झाली होती. हब नट सोडला, चाक काढलं, शाफ्ट ओढून जुना जॉइंट ठोकून काढला. डिझेलमध्ये धुतला तर गोळ्यांच्या खाचांत नख अडकेल एवढे खड्डे.

तेवढ्यात मला जॅक कललेला दिसला. फळी पाण्याच्या टाकीपाशी होती, बायांना उभं राहायला टाकलेली.

"खाली जाऊ नको बे. फळी आणतो."

"फळी कावून? इथं काय बर्फ हाय का? आपल्या बापाची जमीन हाय ही."

"भानुदास, ऑर्डर हाय."

"जी साब," असं म्हणून हसला.

मी टाकीकडं गेलो. फळी उचलली आणि मागून आवाज आला. मोठा नव्हता. भाकरी मोडल्यासारखा. वळून पाहिलं तर कार त्या बाजूनं खाली बसली होती. आतल्या बाजूचा बूट बघायला तो खाली सरकला होता. दुष्काळात काळी जमीन आतून भेगाळते. वरचा पापुद्रा तेवढा टणक. जॅक त्या भेगेत गेला.

टाकीवरच्या बाया घागरी टाकून पळत आल्या. त्यांनीच बंपरला धरून कार उचलली. मी त्याला ओढला. रक्त नव्हतं. कंबर आणि पोट चेपलं होतं. तो शुद्धीवर होता. आम्ही त्याला बाजेवर घेतला. दोन्ही टँकर भरायला गेलेले. संस्थेच्या वॉचमनला हायवेवर पिटाळला, मिळेल तो ट्रक थांबव म्हणून. आणि मी कारकडं वळलो. जॉइंट बसवल्याशिवाय ती जागची हलणार नव्हती.

फळी टाकली, जॅक लावला. बाजेवरून आवाज आला.

"ग्रीस?"

"भरलं."

"जॉइंटचं काळं का?"

"काळंच बे."

"ठोक. सर्क्लिपची कडी खाचेत बसल्याचा आवाज मला आला पायजे."

ठोकला. टक् झालं.

"आला," तो म्हणाला. "क्लॅम्प आवळ."

"आवळला." शाफ्ट हबात घातला, चाक चढवलं.

"नट?"

मी पान्याला पाईप लावून त्यावर उभा राहिलो. "टाइट."

"चल मंग. टेस्ट ड्राइव्हला मी येतो."

एका बाईला हसू आलं आणि ती तशीच रडायला लागली.

मागच्या सीटवर त्याला आडवा घातला. हायवेला लागलो तर वॉचमन अजून हात हलवत उभा होता. त्यालाही घेतला, भानुदासचं डोकं धरायला. गेवराईपर्यंत तो बोलत होता. गिअर उशिरा टाकतोस म्हणाला. क्लच जाळशील म्हणाला. मला वाटलं, वाचला. बोलणारा माणूस मरत नाही, असं मी धरून चाललो होतो. दवाखान्याच्या फाटकात वळलो.

"आवाज?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"ओके."

गाडी थांबवून मागचं दार उघडलं. वॉचमन माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, झोपला असंल. डॉक्टरनं हात लावला आणि मान हलवली. मी डॉक्टरला सांगितलं, अहो, आत्ता बोलला हा. तीनदा सांगितलं. आत रक्त साचलं होतं, असं ते म्हणाले. मला आजही ते पटत नाही. यंदा माझी बायको गेली. तीही चहा गाळता गाळता बोलत होती. तिथंही मी डॉक्टरला तेच सांगितलं.

भानुदासचं नाव आमच्या सेंटरमधल्या शहिदांच्या दगडावर नाही. तो लढाईत गेला नाही. म्हणून इथं लिहितो.

अंत्यविधीला आम्ही सगळे मेडल लावून गेलो. सलामी दिली, बिगुलाशिवाय. नंतर त्याची बायको कडूबाई ओसरीवर बसली होती. तिनं मला बोलावलं.

"भाऊजी, शेवटाला एकलेच व्हते का?"

"न्हाई वैनी. बोलत व्हतो आमी."

"काय बोलत व्हते?"

"गाडीचं."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "घाबरले नसतील."