मैदानात न उतरता जिंकलेली मॅच

मित्रांनो, आज लय डोकं फिरलंय, म्हणून लिहायलोय.

आमचा झरीचा रग्बी क्लब हौशी लीगच्या सगळ्यात खालच्या गटात खेळतो. आज परभणीत मॅच होती. तिच्यासाठी आमी दोन महिने कापूस निघालेल्या रानात गुडघे सोलून घेतले.

समोरची टीम आली ती इस्त्रीचे टी-शर्ट घालून आणि पायात चपला. त्यांचा कॅप्टन मला म्हणतो, "भाऊ, जरा तुमचा चेंडू द्या की. फोटो काढायचाय."

फोटो झाला, सर्टिफिकेटं वाटली आणि ती टीम मॅच न खेळताच गाडी गाठायला स्टेशनकडं पळाली.

मी आयोजकांवर भडकलो. ते म्हणाले, "अरे, कागदावर तुमीच जिंकलात ना? भरतीत खेळाडू कोट्याला सर्टिफिकेट लागतंय. खेळ कोण बघायलंय?"

किळस आली. मागं वळून बघितलं, तर आमचीच पोरं बॅनरसमोर चेंडू घेऊन उभी. "कॅप्टन, ये की लवकर!"

मी गेलो. मधोमध उभा राहिलो. हसलोबी.

घरी आलो तर आई विचारायलीय, "जिंकलात म्हणं. मग कपडे कसे मळले न्हाईत?"

तुमी असता तर काय सांगितलं असतं?