सातवीच्या भिंतीतला डबा

आधीच सांगून ठेवते. हे वाचून तुम्हाला जावंसं वाटलं तर रस्ता सांगेन, नाष्टा कुठं करायचा ते सांगेन, पण शाळेचं गाव सांगणार नाही. औशाच्या पुढं आणि किल्लारीच्या अलीकडं, बास. चिडू नका, कारण पुढं येईलच.

तर आमच्या ह्यांना छंद लागला. लोकांना पन्नाशीत बीपी लागतं, शुगर लागते, ह्यांना जिओकॅशिंग लागलं. म्हणजे कुणीतरी रिकामटेकडा एक डबा कुठंतरी लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. मग बाकीचे रिकामटेकडे पेट्रोल जाळत तिथं जातात, डबा हुडकतात, आतल्या वहीत सही करतात आणि डबा होता तिथंच ठेवून परत येतात. बक्षीस काही नाही! घरातला स्वतःचा चष्मा ह्यांना सापडत नाही, तो मीच शोधून द्यायचा. पण हैदराबादपासून पुण्यापर्यंत एकोणपन्नास डबे ह्यांनी शोधलेत. पन्नासावा लातूर जिल्ह्यातल्या एका निजामाच्या काळातल्या शाळेत होता, आणि आजवर एकाही माणसानं तो सापडल्याची नोंद केलेली नव्हती. पन्नासावा डबा आणि वर पहिला शोधणारा हा मान! आठवडाभर हे घरात इतकं गोड बोलत होते की मला धास्तीच वाटायला लागली.

रविवारी सकाळी सहाला नांदेड सोडलं. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा सरळ रस्ता. आरामात गेलात तर लातूरपर्यंत साडेतीन तास धरा. अहमदपूरला स्टँडजवळच्या गाड्यावर सुशीला खा, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, वर शेव आणि लिंबू. पुण्याच्या वाचकांनी नाक मुरडण्याआधी एक प्लेट खाऊन बघावी. मिरचीची भजी आणि चहा धरून दोघांचं शंभरात भागलं. औशाचा किल्ला मला बघायचा होता. "येताना बघू," हे म्हणाले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ‘येताना बघू’ म्हटलेली एकही गोष्ट मी अजून बघितलेली नाही.

ॲपवर त्या डब्याबद्दल परदेशात राहणाऱ्या कुणा माजी विद्यार्थ्यानं लिहिलं होतं : ‘विस्मृतीत गेलेली शांत वास्तू. कुणाच्याही नजरेस न पडता शोधा.’ आम्ही पोचलो तेव्हा त्या शांत वास्तूसमोर चाळीस जीपा, दोन ट्रॅव्हल्स आणि एक डीजे उभा होता. शाळेचं मंगल कार्यालय झालंय हे त्या बिचाऱ्याला कुणी कळवलंच नव्हतं. काळ्या दगडाच्या खांबांना गुलाबी ऑइलपेंट फासलेला. आठवीच्या फळ्यावर आरसा ठोकलाय आणि दारावर पाटी, ‘वधू कक्ष’. मुख्याध्यापकांच्या खोलीत जनरेटर. व्हरांड्याच्या कमानीवर ‘शांतता राखा’ ही जुनी अक्षरं अजून आहेत, स्पीकर त्यांच्याच खाली मांडले होते.

नजरेस न पडता म्हणे! गाडीतून उतरतो तोच एका मावशींनी मला कुंकू लावलं.

"पोराकडचे का पोरीकडचे?"

"आम्ही आपले सहज..." हे चाचरले.

"मंग आधी जेवून घ्या. बिगर जेवता सोडत नसते मी."

सकाळी साडेअकराला बुंदी, पुरी आणि वांग्याची भाजी. भाजी झणझणीत होती, खोटं कशाला बोलू. मग हे टोपी घालून, मोबाईल समोर धरून भिंतीकडेनं चालायला लागले. दर चार पावलांवर कुणीतरी विचारायचं, "काय हुडकून राहिले?" ह्यांनी "रेंज" म्हणून सांगितलं, तर पाच जणांनी रेंज कुठं येते ते पाच दिशांना हात करून दाखवलं. असली गुप्त मोहीम मी जन्मात बघितली नव्हती.

मोबाईलवरचे आकडे आम्हाला मागच्या बाजूच्या एका खोलीपाशी घेऊन गेले. ही एकच खोली बिनरंगाची होती, दाराला कुलूप. आम्ही घुटमळत असताना पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे किल्ल्यांचा जुडगा घेऊन लगबगीनं आले.

"आले का साहेब! लई दिस झाले वाट बघून राहिलो. म्याडम, या. यंत्र एकदम शाबूत हाय."

हे गफूरचाचा. पस्तीस वर्षं ह्याच शाळेत शिपाई होते, घंटा द्यायचे. आता कार्यालयाची राखण करतात. त्यांनी कुलूप काढलं. सातवीचा वर्ग. आतल्या भिंतीच्या कोनाड्यात, घडी घातलेल्या रुमालावर, आमच्या ह्यांचा पन्नासावा डबा!

"खिडकीबाहेरच्या फटीत घावला मला," चाचा म्हणाले. "वर इंग्रजीत लिवलेलं, मास्तरांकडून वाचून घेतलं. ‘हलवू नका’ लिवलंय, आन् जिओ म्हंजे पृथ्वी. तवाच वळखलं, भूकंपाचं यंत्र. पावसानं खराब व्हईल म्हणून ह्याच भिंतीत आतून घेतलं. चुकलं का?"

मी हसू दाबायला तोंडावर पदर धरला. ह्यांनी डब्यातली वही उघडली. लहानशी वही, शेवटची चार पानं सोडली तर भरलेली. रोजची तारीख आणि पुढं : ‘आज काही नाही.’ ‘आज काही नाही.’ मधेच, ‘हादरा आला. डीजे होता. भूकंप नाही.’ पुन्हा, ‘आज काही नाही.’

"अहो चाचा, हा तर खे..." ह्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात चाचा भिंतीवर हात ठेवून बोलायला लागले. "त्र्याण्णवला बहीण गेली माझी, किल्लारीकडं दिली होती. तिची दोन लेकरं वाचली. ह्याच खोलीत ठिवली होती चार महिने. रात्री उठून रडायची, भिंत पडती म्हणायची. मी म्हणायचो, ही न्हाई पडत. न्हाईच पडली. तवा असं यंत्र असतं, आन् आधी सांगणारं कुणी असतं तर..."

मी ह्यांच्या पायावर पाय दिला. गरज नव्हती, ह्यांनी आधीच वही मिटली होती. आणि माझं हसू? मला स्वतःची लाज वाटली, दुसरं काय.

एवढ्यात कार्यालयाचे मालक आले. कडक इस्त्री, मनगटावर जाड कडं. "तुम्हीच का यंत्रवाले? बरं झालं. म्याडम, हे काढून न्या बरं एकदाचं. मला इथं एसी हॉल करायचाय. ही भिंत तेवढी राहिली. उद्या जेसीबी सांगितलाय मी, हे चाचा म्हणतेत सरकारी हाय, हात लावू नका."

मी सरकारी आहे असं मी एकदाही म्हटलेलं नाही, हे लक्षात ठेवा. मी फक्त चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"हे हलवता येणार नाही," मी म्हणाले.

"मग भिंत?"

"भिंतीशिवाय यंत्र चालत नाही."

चाचांनी लगेच कोनाड्यातून एक जुनी शेरेबही काढली. तपासणीला आलेल्या साहेबानं शेरा लिहिल्याशिवाय ह्या माणसानं पस्तीस वर्षांत कुणाला शाळेबाहेर जाऊ दिलं नव्हतं, मला बरा जाऊ देईल! मी लिहिलं : ‘यंत्र योग्य जागी आहे. देखभाल उत्तम. भिंतीस धक्का लावू नये.’ सही अशी केली की माझी मलाही वाचता येणार नाही. मालकांनी शेरा दोनदा वाचला, जेसीबीवाल्याला फोन लावला आणि तोंड कडू करून निघून गेले. सरकारी अक्षराला एवढा मान! आमच्या ह्यांनी डब्यातल्या वहीत सही केली नाही. डबा रुमालावर नीट ठेवला, एवढंच.

निघताना चाचा गाडीपर्यंत आले. "म्याडम, हादरा आला तर कळवायचं कुणाला? आजवर कुणी सांगितलंच न्हाई." मी माझा नंबर दिला. दुसरं काय करणार होते?

परतीच्या वाटेवर चाकूर लागलं. तिथं चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी ॲप उघडलं. सापडला की नाही सापडला, दोनच बटणं. सापडला म्हटलं तर ह्यांच्यासारखे आणखी दहा टोपीवाले तिथं जाऊन थडकणार आणि खेळ आहे म्हणून सांगून टाकणार. ह्यांनी ‘नाही सापडला’ दाबलं. एकोणपन्नासचे एकोणपन्नासच राहिले. औशाचा किल्लाही राहिला, ते सांगायला नकोच.

आता घरी रोज सकाळी सातला फोन वाजतो. "म्याडम, आज काही न्हाई." मी म्हणते, "बरं चाचा." एवढंच. सुरुवातीला मी हे मैत्रिणींना सांगून हसायचे. मागच्या मंगळवारी सात वाजले, सव्वासात झाले, साडेसात झाले, फोन नाही. पोळीचा तवा गॅसवर ठेवून मी ओट्याला धरून उभी राहिले. हे पेपर उलटा धरून बसलेले. आठला पाच कमी असताना फोन आला.

"म्याडम, रेंज नव्हती. आज पण काही न्हाई."

"चाचा," मी ओरडलेच, "उशीर करत जाऊ नका हो!"

"हाव म्याडम," ते म्हणाले. "आता कळलं का, वाट बघणं काय असतंय?"